मॉर्सकॉर्प प्रकरण: मेल कुठे ठेवायचा हा निर्णय ४६ लाख डॉलरला पडतो तेव्हा

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने एक समझोता जाहीर केला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजची मॉर्सकॉर्प नावाची कंपनी, अमेरिकन आर्मी आणि एअर फोर्सची कंत्राटं करणारी, ४६ लाख डॉलर भरायला तयार झाली. कुणी हॅकर आत शिरला, फाइल्स बाहेर गेल्या, असा आरोप त्यात कुठेच नाहीये. कंत्राटात जी सुरक्षा पाळू म्हणून सही केली ती पाळली नाही आणि तरी सरकारला बिलं लावत राहिले, हा मुद्दा. आणि न पाळलेल्या गोष्टींच्या यादीत ठळक काय, तर कंपनीचा ईमेल कुणाच्या सर्व्हरवर होता ते.

हे प्रकरण मी मुद्दाम घेतलंय, कारण पुण्यात बसून अमेरिकन कंपन्यांचं आयटी सांभाळणारे आपले खूप लोक आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या क्लायंटच्या कुठल्यातरी कोपऱ्यात एखादं डिफेन्सचं काम असतंच. मग क्लायंट विचारतो, सिक्युअर क्लाउड सुचवा, आणि चर्चा सुरू होते ती स्टोरेज किती, पर युजर किती, बॅकअप फुकट का यावर. तो क्लाउड कंत्राटाच्या अटीत बसतो का, हा खरा प्रश्न शेवटपर्यंत येतच नाही.

आधी घडलं काय ते. समझोत्याचा भाग म्हणून कंपनीने काही गोष्टी मान्य केल्या. जानेवारी २०१८ ते सप्टेंबर २०२२ त्यांचा मेल एका बाहेरच्या कंपनीकडे होस्ट होता. त्या कंपनीची सुरक्षा फेडरॅम्प मॉडरेट (अमेरिकन सरकारच्या क्लाउड-सुरक्षा तपासणीतली मधली पातळी) च्या तोडीची आहे का हे यांनी मागितलंही नाही आणि तपासलंही नाही. सायबर हल्ला झाला तर रिपोर्ट करणं, पुरावा जपणं, सरकारला तपासासाठी दार उघडणं, या अटीही त्या कंपनीकडून पाळल्या जातील याची खात्री करून घेतली नाही. शिवाय जानेवारी २०१८ ते फेब्रुवारी २०२३ या काळात निस्ट ८००-१७१ या अमेरिकन सरकारी मानकातली सगळी कंट्रोल्स, म्हणजे सुरक्षेच्या अटी, पूर्ण लागू नव्हती, आणि जानेवारी २०२१ पर्यंत प्रत्येक सिस्टिमचा एकत्रित लेखी सिक्युरिटी प्लॅनच नव्हता.

मेलच्याच मुद्द्यावर जास्त थांबतो.

अमेरिकन संरक्षण खात्याच्या कंत्राटात एक क्लॉज असतो, डीफार्स ७०१२ म्हणून ओळखतात. पूर्ण नंबर २५२.२०४-७०१२. बरेच लोक एवढंच लक्षात ठेवतात की यात निस्टची ११० कंट्रोल्स पाळायची असतात, ते बरोबरच आहे, पण त्याच क्लॉजमध्ये क्लाउडसाठी वेगळं वाक्य आहे आणि ते वाचायचं राहून जातं. कंत्राटदाराने संरक्षण खात्याची माहिती साठवायला, प्रोसेस करायला किंवा पाठवायला बाहेरचा क्लाउड वापरला, तर त्या क्लाउडची सुरक्षा फेडरॅम्प मॉडरेटच्या बरोबरीची हवी, आणि त्या प्रोव्हायडरने क्लॉजमधले सी ते जी हे परिच्छेद पाळले पाहिजेत. त्या परिच्छेदांत काय आहे? घटना कळल्यापासून ७२ तासांत रिपोर्ट, सापडलेलं मालवेअर जमा करणं, बाधित सिस्टिमच्या इमेज किमान ९० दिवस जपून ठेवणं, सरकारने मागितलं तर फॉरेन्सिक तपासाला वाव देणं, नुकसानीच्या मोजदादीसाठी माहिती देणं. म्हणजे अट दुहेरी आहे. सुरक्षा चांगली असणं हा अर्धा भाग झाला, संकटात सरकारी तपासाला सोबत करायची तयारी हा दुसरा अर्धा. साध्या कमर्शियल मेल होस्टिंगवाल्याने हा दुसरा भाग आयुष्यात कधी बघितलेलाही नसतो.

आणि पाठवायला हा शब्द त्यात आहे म्हणून मेल सुटत नाही. "आम्ही डेटा तिथे ठेवत नाही, फक्त मेल जातो" असं सांगणारे लोक भेटतात. एका फाइलचा प्रवास बघा. समजा एखाद्या मोठ्या प्राइम कॉन्ट्रॅक्टरने छोट्या सबकॉन्ट्रॅक्टरला एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग पाठवलं, पीडीएफ, पानाच्या वर आणि खाली सीयूआय असा शिक्का, म्हणजे गोपनीय वर्गातली नाही पण उघड्यावर ठेवायची नाही अशी माहिती. ती पीडीएफ आधी स्पॅम फिल्टरवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर उघडून तपासली जाते, मग मेलबॉक्समध्ये येते, तिथून इंजिनिअरच्या फोनवर उतरते, रात्री मेलचा बॅकअप घेणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या क्लाउडमध्ये जाते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी "फाइल ओपन होत नाहीये" म्हणून तिचाच स्क्रीनशॉट हेल्पडेस्कच्या तिकिटाला चिकटवतो. एक ड्रॉइंग, आणि चार प्रोव्हायडर सहज झाले. कंपनीने विचार मात्र एकाचाच केलेला असतो, बरेचदा तोही नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की प्रोव्हायडर निवडायच्या आधी एक खरी फाइल धरून ती कुठे कुठे जाते ते कागदावर काढायचं, निवडायचे किती आहेत हे तेव्हाच कळतं.

आता निवड करायची कशी. मॉर्सकॉर्पच्या जागी २०१८ मध्ये आपण असतो तरी पहिली पायरी तीच होती जी आज आहे. फेडरॅम्प हा अमेरिकन सरकारचा कार्यक्रम २०११ पासून चालू आहे आणि त्याची मार्केटप्लेस नावाची यादी सगळ्यांना खुली आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही. तिथे कंपनीचं नाव टाकलं की झालं असं मात्र समजू नका. यादीत नोंद असते ती एका विशिष्ट सेवेची. अॅमेझॉनचंच घ्या, त्यांच्या नेहमीच्या अमेरिकन ईस्ट-वेस्ट रीजनला मॉडरेटची मान्यता आहे आणि सरकारी कामासाठीच्या गव्हक्लाउडला त्याच्या वरच्या हाय पातळीची, दोन्ही वेगळी वातावरणं आहेत, आणि मान्यतेच्या आतही कुठली सर्व्हिस कव्हर होते आणि कुठली अजून नाही याची वेगळी यादी असते. मायक्रोसॉफ्टमध्ये तर नावांनीच गोंधळ उडतो. कमर्शियल ३६५ वेगळं, सरकारी कामासाठीचं जीसीसी वेगळं, त्याहून कडक जीसीसी हाय वेगळं. तिन्हीत आउटलुक तसंच दिसतं, टीम्स तसंच दिसतं. पण कमर्शियलसाठी मायक्रोसॉफ्ट ७०१२ च्या त्या सी ते जी परिच्छेदांची करारात हमी देत नाही, आणि निर्यात-नियंत्रित डेटा असेल तर ते स्वतःच जीसीसी हाय सुचवतात. म्हणजे "आमचं सगळं मायक्रोसॉफ्टवर आहे, काळजी नाही" या वाक्याला ऑडिटमध्ये काही किंमत नाही. लायसन्स नेमकं कुठलं ते दाखवा, असंच विचारलं जातं.

यादीतला स्टेटसही नीट वाचायचा. ऑथराइज्ड म्हणजे मान्यता मिळाली. रेडी किंवा इन प्रोसेस लिहिलं असेल तर मिळालेली नाही, फक्त वाटेवर आहेत. सेल्सवाले हे दोन शब्द फार मोकळेपणाने वापरतात. आणि अजून एक वाक्य कायम ऐकू येतं, "आम्ही फेडरॅम्प मान्यता असलेल्या क्लाउडवर होस्टेड आहोत". अहो, खालचा पाया मान्यताप्राप्त असला म्हणून त्याच्यावर तुम्ही बांधलेलं सॉफ्टवेअर आपोआप मान्यताप्राप्त होत नाही. त्याचं वेगळं असेसमेंट लागतं.

मान्यता नसलेल्यांसाठी एक वाट आहे, बरोबरीची. क्लॉजमध्ये बरोबरीची सुरक्षा एवढंच म्हटलं होतं आणि अनेक वर्षं प्रत्येकाने त्याचा आपापल्या सोयीने अर्थ लावला. मग डिसेंबर २०२३ च्या तारखेचा एक मेमो संरक्षण खात्याच्या मुख्य माहिती अधिकाऱ्याच्या ऑफिसमधून आला आणि ती ढिलाई संपली. प्रोव्हायडरने फेडरॅम्प मॉडरेटची सगळी कंट्रोल्स शंभर टक्के पूर्ण केलेली हवीत, ते फेडरॅम्पने मान्य केलेल्या त्रयस्थ असेसरने तपासलेलं हवं, आणि पुराव्याची सगळी फाइल कंत्राटदाराला दाखवता आली पाहिजे, म्हणजे सिक्युरिटी प्लॅन, असेसमेंटचा आराखडा, त्याचा रिपोर्ट वगैरे. गंमत अशी की प्रत्यक्ष फेडरॅम्प मान्यतेत काही त्रुटी "पुढे दुरुस्त करू" म्हणून प्लॅनमध्ये टाकता येतात, बरोबरीच्या वाटेवर असेसमेंटमध्ये सापडलेल्या त्रुटी आधी बंद करून दाखवायच्या. म्हणजे ही वाट सोपी म्हणून घेण्यासारखी मुळीच नाही. आणि ते पुरावे तपासायची जबाबदारी कुणाची? कंत्राटदाराची. चाळीस माणसांच्या मशीन शॉपने शेकडो पानांचा तांत्रिक रिपोर्ट वाचून ठरवायचं की हा क्लाउड बरोबरीचा आहे. मला हे छोट्या कंपन्यांवर जड ओझं वाटतं, म्हणून माझा सल्ला साधा असतो, यादीत ऑथराइज्ड असलेलं काही तुमच्या कामाला चालत असेल तर बरोबरीच्या फंदात पडू नका.

मार्केटप्लेसवरची नोंद हा पहिला कागद झाला. दुसरा कागद म्हणजे लेखी हमी, आणि याच्यावर लोक कमी जोर देतात. प्रोव्हायडरला मेल टाकायचा, शक्यतो दोनच प्रश्नांचा. आम्ही घेत असलेल्या या नेमक्या प्लॅनला फेडरॅम्प मॉडरेट किंवा वरची मान्यता आहे का, मार्केटप्लेसवरची नोंद कुठली? आणि डीफार्स ७०१२ चे सी ते जी परिच्छेद तुम्ही करारात लेखी स्वीकारता का? उत्तरात सुंदर ब्रोशर आलं, आयएसओ २७००१ चं सर्टिफिकेट आणि एसओसी २ चा ऑडिट रिपोर्ट असे सर्वसाधारण सुरक्षा तपासणीचे कागद आले, "आमच्याकडे मिलिटरी ग्रेड एन्क्रिप्शन आहे" असं आलं, तर ते उत्तर नाही असं धरायचं. आयएसओ वाईट नाहीये, फक्त हा क्लॉज त्याने भागत नाही. पहिल्याला लिंक आणि दुसऱ्याला कराराच्या भाषेत हो, एवढंच उत्तर. ज्यांच्याकडे हे खरंच असतं ते चटकन पाठवतात, कारण त्यांना हे रोज विचारलं जातं.

तिसरा कागद आहे जबाबदारीच्या वाटणीचा तक्ता. ११० पैकी प्रत्येक अट प्रोव्हायडर बघणार, तुम्ही बघणार, की दोघं मिळून. मल्टीफॅक्टर लॉगिनची सोय क्लाउडने दिलेली असते, ती चालू करणं, सगळ्यांना लावणं, कामावरून गेलेल्या माणसाचं अकाउंट बंद करणं हे तुमच्याकडेच. महागडा सरकारी क्लाउड घेऊन डिफॉल्ट सेटिंग्जवर सोडून दिला तर स्कोअर फारसा वाढत नाही.

स्कोअरवरून मॉर्सकॉर्पचा दुसरा भाग. या ११० अटींना ५, ३ किंवा १ गुणाचं वजन असतं, पूर्ण असेल तर ११०, आणि कमी होत होत उणे २०३ पर्यंत जाऊ शकतो. हा स्कोअर कंपनीने स्वतः मोजून एसपीआरएस नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये भरायचा. मॉर्सकॉर्पने जानेवारी २०२१ मध्ये भरला १०४. जुलै २०२२ मध्ये त्यांनीच नेमलेल्या बाहेरच्या सायबर कन्सल्टंटने सांगितलं की खरा आकडा उणे १४२ आहे. २४६ गुणांचा फरक! तरी तो आकडा सिस्टिममध्ये दुरुस्त झाला जून २०२३ मध्ये, म्हणजे जवळजवळ अकरा महिन्यांनी, आणि सरकारचं समन्स हातात पडून तीन महिने झाल्यावर.

माझ्या मते कायदेशीर दृष्टीने सगळ्यात महाग पडले ते हे अकरा महिने. चुकीचा स्कोअर भरणं अज्ञानातून होऊ शकतं, पण खरं कळल्यावर जुना आकडा तसाच ठेवला तर "माहीत नव्हतं" हे म्हणायची सोय जाते. अमेरिकेत फॉल्स क्लेम्स अॅक्ट नावाचा कायदा आहे, १८६३ चा, यादवी युद्धात सरकारला खराब माल विकणाऱ्या कंत्राटदारांसाठी आणलेला. त्यात सरकारच्या नुकसानीच्या तिपटीपर्यंत वसुली होऊ शकते, आणि आतल्या माणसाने सरकारच्या वतीने दावा लावला तर वसुलीतला वाटा त्याला मिळतो. इथेही दावा अशाच जागल्याने लावला होता आणि त्याला ८ लाख ५१ हजार डॉलर मिळाले. ऑक्टोबर २०२१ मध्ये न्याय खात्याने सायबर सुरक्षेची खोटी हमी देणाऱ्या कंत्राटदारांसाठी खास मोहीम सुरू केली, तेव्हापासून अशी प्रकरणं वाढतच चाललीत. पेन स्टेट युनिव्हर्सिटीने ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेबारा लाख डॉलर भरून जे प्रकरण मिटवलं त्यातही एक आरोप हाच होता, की संरक्षण खात्याच्या अटीत बसणारा क्लाउड वापरला नाही.

आता आपल्या लोकांशी थेट संबंधित भाग. फेडरॅम्प मॉडरेटची मान्यता म्हणजे डेटाला फक्त अमेरिकन माणसंच हात लावतील असं नाही. पण ड्रॉइंग जर आयटार या शस्त्रास्त्र निर्यात नियमांखाली येत असेल तर ते परदेशी नागरिकाला दिसणं हीच निर्यात समजली जाते, मग तो माणूस न्यू जर्सीत बसलेला का असेना. ग्रीनकार्डवाला चालतो, एच-१बी वरचा चालत नाही. म्हणजे पुण्याच्या नाइट शिफ्टमधल्या अॅडमिनकडे त्या टेनंटचे, म्हणजे क्लायंटच्या क्लाउडमधल्या स्वतंत्र जागेचे, ग्लोबल अधिकार असतील, तर क्लाउड कितीही भारी असू दे, प्रॉब्लेम आहेच. गव्हक्लाउडबद्दल अॅमेझॉन जे सांगतं, की तो अमेरिकन भूमीवर अमेरिकन नागरिक चालवतात, त्याचं महत्त्व इथे कळतं. हा विषय किती नाजूक आहे ते जुलै २०२५ मध्ये परत दिसलं, मायक्रोसॉफ्टच्या संरक्षण खात्याच्या क्लाउडला चीनमधले इंजिनिअर अमेरिकन माणसाच्या देखरेखीखाली सपोर्ट देतात अशी प्रोपब्लिका या अमेरिकन वृत्तसंस्थेची बातमी आली आणि काही दिवसांतच कंपनीला ते बंद करावं लागलं. म्हणून पुण्यातल्या टीम लीडने क्लायंटला स्वतःहून विचारावं, तुमच्याकडे आयटार डेटा आहे का, आणि असेल तर ते टेनंट आमच्या हातातून काढून घ्या. कामाचे तास कमी होतील, होऊ देत. टीममधल्या पोरांना असल्या भानगडीत अडकवण्यापेक्षा ते बरं.

मग अख्खी कंपनी सरकारी क्लाउडवर हलवायची का? मोठा वाद आहे आणि माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे. जीसीसी हायला जाणं म्हणजे प्लॅन अपग्रेड नव्हे, नवीन टेनंट, पात्रता तपासणी, डोमेन हलवणं, सगळा मेल मायग्रेट करणं, आणि छोट्या कंपनीला लायसन्स ठराविक पार्टनरकडूनच मिळतं. चाळीसपैकी आठ जण ड्रॉइंग हाताळत असतील तर त्या आठ जणांसाठी वेगळं बंदिस्त वातावरण उभं करणं परवडतं. फक्त एक अट, भिंत खरी हवी. त्या आठ जणांपैकी एकाने घाईत ड्रॉइंग नेहमीच्या मेलवरून बाकीच्यांना फॉरवर्ड केलं की नेहमीचा मेलही या अटींच्या स्कोपमध्ये आला. त्यामुळे शिस्त बसणार नाही असं वाटत असेल तर जास्त पैसे मोजून सगळे हलवलेले बरे.

घाई आहे ती सीएमएमसीमुळे, म्हणजे कंत्राटदारांची सायबर सुरक्षा तपासून प्रमाणित करायच्या अमेरिकन संरक्षण खात्याच्या कार्यक्रमामुळे. आधी सगळं स्वतःच्या सहीवर चालायचं. १० नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कंत्राटांत सीएमएमसीची अट टप्प्याटप्प्याने यायला लागली, पहिल्या टप्प्यात मुख्यतः स्वतःचं मूल्यमापन, आणि १० नोव्हेंबर २०२६ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात लेव्हल दोनसाठी, म्हणजे या ११० अटींच्या पातळीसाठी, बाहेरचा मान्यताप्राप्त असेसर येऊन तपासणार. तो क्लाउडची मान्यता आणि जबाबदारीचा तक्ता मागणारच, १०४ लिहून वेळ मारून नेता येणार नाही.

आपल्याकडे पुण्यात डीआरडीओच्या लॅब्ज आहेत, त्यांना पुरवठा करणारे लघुउद्योग आहेत, त्यांना हे अमेरिकन क्लॉज थेट लागू नाहीत. पण रचना ओळखीची वाटेल. केंद्राच्या आयटी मंत्रालयाची एम्पॅनल्ड, म्हणजे मान्यता दिलेल्या, क्लाउड प्रोव्हायडर्सची यादी असते, एसटीक्यूसी या त्याच मंत्रालयाच्या तपासणी संस्थेचं ऑडिट लागतं, आणि तिथेही नोंद नुसत्या कंपनीच्या नावावर नसते, कुठलं डेटा सेंटर आणि कुठल्या प्रकारचा क्लाउड हे बघावं लागतं. रिपोर्टिंगला तर आपण जास्त कडक आहोत, सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तास, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे.

राहिला एक मुद्दा, जुन्या प्रोव्हायडरचा. समजा मॉर्सकॉर्पसारखा साडेचार वर्षांचा मेल अटीत न बसणाऱ्या ठिकाणी साचलाय आणि आता तुम्ही योग्य जागी हलवलात. मागच्या सर्व्हरवर आणि त्यांच्या बॅकअपमध्ये ती ड्रॉइंग्ज तशीच पडून असतात. ती पुसल्याचं लेखी पत्र घ्यायचं, तारखेसकट. पण त्याआधी, पुसा असं सांगायच्या आधी, वकिलाला विचारा, कारण चौकशी लागलेली असेल किंवा लागायची शक्यता असेल तर तोच मेल पुरावा असतो आणि तो पुसणं हा वेगळाच गुन्हा होऊन बसतो.